तिवश्याला निघालेला डबा

“मॅडम, लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसले होते, तर एचआयव्हीपण घरीच बसला होता का?”

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे तोंड माझं होतं, पण प्रश्न आचल आणि रमाचा. पैज अशी लागली होती की आरोग्य सप्ताहाला येणाऱ्या मॅडमना मी हे सगळ्या अकरावीसमोर, माइक हातात घेऊन विचारायचं. विचारलं तर मला दोन प्लेट गिला वडा. नाही विचारलं तर वर्षभर त्या दोघींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मी पूर्ण करायच्या. गेल्या वर्षीपर्यंत मी अशी होते की हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखालून यायचा. पण दहावीच्या सुट्टीत मी केस कापले, वादविवाद शिबिरात चार दिवस घसा फोडून भांडले, आणि एका सकाळी उठले तर भीती घर सोडून गेलेली. कुठे गेली माहीत नाही. शोधलीपण नाही.

तर मी विचारलं. सगळा हॉल हसला. मागून सोहमनं शिट्टी मारली. आमचे मनोज सर घड्याळाकडे बघायला लागले, तास संपवायचा असला की ते तसंच बघतात. मी खाली बसायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, “बसू नको. उभीच राहा. चांगला प्रश्न आहे.”

त्यांचं नाव सुभद्रा मॅडम. सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहेत. सुती साडी, पांढरे होत चाललेले केस, आणि आवाज असा की शिट्टी मारणाऱ्या सोहमनंसुद्धा बोटं खाली घेतली.

“व्हायरसला पाय नसतात,” त्या म्हणाल्या. “तो माणसांबरोबर फिरतो. माणसं घरी, म्हणून तोही घरी, असं वाटतं ना? पण त्याला अडवणारेही घरीच होते. तपासणारे, गोळ्या देणारे, निरोध वाटणारे. आणि एक सांगते. ज्या पुरुषांचं पुरुषांवर प्रेम असतं, ज्यांना आपण गे म्हणतो, त्यांचं लॉकडाऊन कसं गेलं हे तर कोणी विचारलंच नाही.”

पुन्हा हशा. मॅडम थांबल्या. “हसून घ्या. झालं? बरं. आता पुढच्या शनिवारी समारोपाला पालक येणार आहेत, प्रत्येक वर्गातून एक जण पाच मिनिटं बोलणार आहे. तुमच्या वर्गातून ही बोलेल. याच प्रश्नावर. नाव काय तुझं?”

“जुईली.”

“जुईली, पुस्तकातून उतरवू नको. ज्यांनी तेव्हा काम केलं त्यांना विचार.”

अशा रीतीनं दोन प्लेट गिला वड्यांच्या मोबदल्यात मी एक भाषण गळ्यात बांधून घेतलं. आचल म्हणाली, “मेली तू.” मी म्हटलं, “अजून एक प्लेट दे, मग मरते.”

खरं तर मी मनातून खूश होते, कारण कोणाला विचारायचं ते मला माहीत होतं. माझा मामा.

गजेंद्रमामा अकोल्याला राहतो. एका संस्थेत काम करतो. आईला कोणी विचारलं, “भाऊ काय करतो?” तर आई म्हणते, “सामाजिक काम.” बाबा वकील आहेत, ते आणखी सावध, ते म्हणतात, “आरोग्याशी संबंधित.” पण मामाच्या मोटारसायकलच्या डिकीत मी एड्सच्या लाल रिबिनीची पत्रकं बघितली होती. मामा दर भाऊबीजेला, राखीला आणि अधूनमधून उगाचच आमच्याकडे अमरावतीला येतो. तासभर बसतो, आईबरोबर एकाच ताटात जेवतो, आणि जायच्या वेळेला आई न चुकता एकच गोष्ट विचारते: “गोळ्या वेळेवर घेतो नं तू?” मामा म्हणतो, “हाव ताई.” मग आई त्याच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा कोंबते. उन्हाळ्यातसुद्धा. एकदा मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, तिनं त्याला डिंकाचे लाडू दिले आणि त्यानं बिचाऱ्यानं नेले.

मी मामाला मेसेज टाकला: “लॉकडाऊनमध्ये गे लोकांचं आणि एचआयव्हीचं काय झालं, भाषण आहे, या शनिवारी येऊ?” दोन निळ्या खुणा आल्या. दहा मिनिटं काही नाही. मग आलं: “ये. वही आण. आईले काय सांगितलं?”

“प्रोजेक्ट.”

“हुशार पोट्टी.”

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी अकोल्याला गेले. स्टँडवर मामाबरोबर केदारमामापण होता. केदारमामा म्हणजे मामाचा ‘रूममेट’. त्याचा भाजीपाल्याचा टेम्पो आहे. त्याला मी फक्त दोनतीनदाच बघितलं होतं, तेही लांबून, कारण मामा आमच्या घरी येतो तेव्हा केदारमामा आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर टेम्पोतच बसून राहतो. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, ते आत का नाही येत? आई म्हणाली होती, “त्याले काम असते.” टेम्पोत बसून एवढं काय काम असतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सांगितलं ना, तेव्हा माझा आवाज बाकाखाली होता.

घरी गेल्यावर केदारमामानं पातोडीचा रस्सा टाकला आणि मी ओट्याजवळच खाली बसून वही उघडली.

“विचार,” मामा म्हणाला. “सांगण्यासारखं सगळं सांगन. तू सोळाची आहे, हे मी ध्यानात ठेवीन. नाव एकाचंही सांगणार नाही. आणि तू विचारायचं नाही.”

“मंजूर. तर, घरी बसला होता का?”

मामा हसला. “पहिला महिना बसला होता म्हण. आमचं काम कसं, तं पोरं जिथं भेटतात तिथं जायचं. बगिचा, रेल्वे पुलाखाली, स्टँडच्या मागं. ओळख करायची, निरोध द्यायचे, तपासणीले घेऊन जायचं. मार्चमधी सगळं ओसाड. बगिच्यात कुत्रे झोपून राहिले होते. जे लोक महिन्यात चारदा कोणाले तरी भेटत होते, ते एकदाही भेटले नाहीत. भेटणार कुठं? आणि भीतीही होती ना. खोकला आला तं माणूस जाते, असे दिवस होते.”

“मग चांगलंच झालं की.”

“थांब नं पोट्टी. आता असा विचार कर. पुण्याला नोकरी करणारा पोरगा. तिथं त्याची खोली, त्याचे दोस्त, त्याचं जगणं. लॉकडाऊन लागला, गावाकडं आला. दोन खोल्यांत सात माणसं. फोन आला तं आई विचारते, कोणाचा? उठून बाहेर गेला तं बाप विचारते, कुठं? कोणी दिवसभर चादर ओढून पडून राहे. एक जण मले संडासातून फोन करे. हळू आवाजात, नळ सुरू ठेवून.”

“आणि काय बोलायचे?”

“काही नाही. म्हणे, दादा, तुम्ही फक्त बोला, मी ऐकतो.”

केदारमामा कढईवरची नजर न काढता म्हणाला, “आणि हा त्याले हरभऱ्याचा भाव सांगे.”

“दुसरं काय सांगू? मले जोक येत नाहीत.”

मी लिहून घेतलं: नळ, हरभऱ्याचा भाव.

मामा पुढे सांगत गेला. जूनपर्यंत लोकांचा धीर सुटला. भेटीगाठी पुन्हा सुरू झाल्या, पण चोरून, घाईघाईत, शेतात, कुठेही, आणि जवळ निरोध नाही. संस्थेचं ऑफिस कुलूपबंद, साठा आत. गावातल्या मेडिकलवर मागायचं तर दुकानदार वडिलांचा मित्र. तपासणी तर विसराच, दवाखान्यात सगळी कोविडची गर्दी, आणि नाक्यावरच्या पोलिसाला काय सांगणार, कशाची तपासणी करायला चाललो? काही जणांनी उलट केलं, एकच माणूस धरला आणि त्याच्याशीच राहिले. “काही काही संसार लॉकडाऊननं लावून देल्ले,” मामा म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. गरज नसताना.

“आणि ज्यांना आधीच होता?”

“त्यायचाच घोर मोठा होता. गोळी रोज लागते. रोज घेतली तं व्हायरस इतका दबते की तपासणीत सापडत नाही. आणि असा दबून राहिला तं जोडीदारालेही होत नाही. हे लिही, मोठ्या अक्षरात लिही. पण गोळ्या मिळतात शहरात. एसटी बंद. गोळी सुटली तं तो पुन्हा डोकं वर काढणार. आता तं न झालेल्यानं आधीच घ्यायची गोळीपण आहे, पण तवा आपल्याकडं कोणाले माहीत होती? आम्ही दवाखान्यातून दोन दोन महिन्यांच्या गोळ्या आणि निरोध सह्या करून उचलले. पण गावोगावी पोचवायच्या कशा?”

“टेम्पो!” मी ओरडले.

“टेम्पो,” केदारमामा म्हणाला आणि झारा असा वर केला जसं काही त्यानं विश्वचषक जिंकला. “भाजीपाल्याचा पास होता माह्याजवळ. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, तिवसा, धामणगाव. सगळे नाके सलाम करत.”

पण नुसतं पाकीट कोणाच्या दारात नेऊन द्यायचं तर घरचे विचारणार, काय आहे? मग मामाला सुचलं. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. वऱ्हाडात या दिवसांत एका घरातून दुसऱ्या घरात कुरडयांचा डबा गेला तर कोणी ढुंकून बघत नाही. मामाजवळ आजीचे स्टीलचे डबे होते, एका मापाचे, तिच्या लग्नातले, प्रत्येकाच्या झाकणावर कोरलेलं: पार्वताबाई वामनराव, बार्शीटाकळी. दोघांनी गच्चीवर गहू भिजवून, चीक काढून, कुरडया केल्या. पहिल्या घाण्याच्या कुरडया कावळ्यांनीसुद्धा खाल्ल्या नाहीत म्हणे. डब्यात खाली गोळ्या, निरोध आणि एक चिठ्ठी, मध्ये कागद, वर कुरडया. ज्याचा डबा त्याला आधी फोन: आईनं उघडायच्या आत तू उघड.

“चिठ्ठीत काय?”

“लिहायचा हा,” मामानं केदारमामाकडे बोट केलं. “माहं अक्षर पाहून डॉक्टरही रडते.”

“आणि कोणी पकडलं नाही?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“एक डबा चुकला,” मामा म्हणाला. “संशय येऊ नये म्हणून तीन घरी साधे डबे पाठवत होतो, खाली काहीच नाही, नुसत्या कुरडया. तुमचं घर, धामणगावची मावशी आणि बडनेऱ्याचे आमचे एक साहेब. सगळ्या झाकणांवर आजीचंच नाव. तिवश्याले निघालेला डबा यानं या तिघांपैकी कुठंतरी देला, आणि तिवश्यावाल्याले भेटल्या नुसत्या कुरडया.”

“तीन बाया मास्क लावून दारात उभ्या,” केदारमामा म्हणाला. “मी काय ओळखू? डबा ठेवला, लांब सरकलो.”

“मग?”

“तिवश्याले दुसऱ्या दिवशी नवीन गोळ्या नेऊन देल्या. पण पंधरा दिवसांनी डबे वापस आले. आपल्याकडं रिकामा डबा कोण वापस करते? सगळ्यांत शेवया. आणि एका डब्यात शेवयांच्या खाली तिवश्याच्या गोळ्या जशाच्या तशा, कागदात गुंडाळून. चिठ्ठी नव्हती. आणि निरोधही नव्हते.”

“कोणाच्या तरी कामी आले,” केदारमामा म्हणाला.

“पण घर कोणतं ते नाही कळलं?”

“सगळे डबे सारखे. शेवयाही सारख्या.” मामा म्हणाला. “तुही आई असू शकते. म्हणूनच मी कधी विचारलं नाही.”

तेव्हा मला पहिल्यांदा खोली दिसली. म्हणजे बसले होते तिथेच, पण आत्ता दिसली. एकच कपाट. एकाच खुंटीवर दोघांचे टॉवेल. फ्रिजवर एक फोटो, गच्चीवरचा, दोघांच्या हातांना कोपरापर्यंत चीक लागलेला.

“मामा, केदारमामा तुझे कोण आहेत?”

“पातोडी लागून राहिली खाली,” केदारमामा घाईघाईनं म्हणाला. नव्हती लागत.

“राहू दे रे,” मामा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, एकदम हळू, पण स्पष्ट: “माझा आहे.”

मी काय बोलले माहीत आहे? मी म्हटलं, “बरं झालं. स्वयंपाक तरी येतो त्यांना.” मामा इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग त्यानं सांगितलं, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी केदारमामा एका रात्रीसाठी मुक्कामाला आला होता, उद्या निघतो म्हणून. “पाच वर्षं झाली. याचा लॉकडाऊन अजून उठला नाही.”

“आईला सांग ना.”

हसू गेलं. “एकच बहीण आहे मले, जुई. आईबाबा गेले, आता माहेर म्हण का घर म्हण, ताईच. तिनं जर तो डबा पाहिला असन आणि तरी पाच वर्षं एक शब्द नाही बोलली, तं त्याचा अर्थ काय? की बोलू नको. मी बोललो आणि तिनं दार लावलं तं? त्यापेक्षा तासभर का होईना, जाऊन बसतो, तिच्यासंगं एका ताटात जेवतो. तेवढं राहू दे माह्याजवळ.”

मी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दोघं मला टेम्पोनं सोडायला निघाले. मागं कांद्याची पोती, पुढं आम्ही तिघं, मी मध्ये. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा आईचा फोन आला. मामानं स्पीकरवर घेतला. “निघाले का? जेवले का? आणि गोळ्या वेळेवर घेतो नं तू?”

“हाव ताई.”

फोन ठेवल्यावर मी सहज विचारलं, “कसल्या गोळ्या चालू आहेत तुला? बीपी?”

“छे. तिनं कधीची ती कॅल्शियमची बाटली देल्ली होती, तेच विचारते. कवाच संपली. मी आपलं हाव म्हणून टाकतो.”

“कधीपासून विचारते?”

“असन… लॉकडाऊन उठला तवापासून.”

मी मामाकडे बघितलं. मामानं माझ्याकडे. केदारमामानं ब्रेक असा मारला की कांद्याचं एक पोतं आमच्या डोक्यामागं येऊन आदळलं.

“मामा,” मी म्हटलं, “आईला वाटतं तुला एचआयव्ही आहे.”

शेजारून ट्रॅक्टर गेला, त्याच्यावर कापसाचा डोंगर. केदारमामा स्टेअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, “चिठ्ठीखाली मी ‘के.’ लिहिलं होतं. तिले वाटलं असन, के.नं गजूले लिहिली. म्हणून… मी कोपऱ्यावर.”

“डिंकाचे लाडू,” मामा म्हणाला. “अरे देवा. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू!” आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. “पाच वर्षं तिले वाटून राहिलं की मी बिमार आहे. आणि ती माह्या ताटात जेवून राहिली.”

मी म्हटलं, “मी सांगू?”

“नाही. मी सांगन. आजच.”

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर केदारमामानं नेहमीसारखा टेम्पो उभा केला आणि आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत मामा मान हलवून हलवून वाक्यं पाठ करत होता.

आणि घरी काय बोलला? टोमॅटोचे भाव. मग बाबांच्या केसबद्दल. मग पंखा किती छान फिरतोय. आईनं चहा आणला, चिवडा आणला, त्याच्या शेजारी बसून त्याच्याच बशीतला चिवडा उचलला. मामा उठायला लागला. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली, ती बाबांना लागली. बाबा म्हणाले, “काय आहे?” आणि आई पिशवी घेऊन आली आणि तिनं विचारलं, “गोळ्या वेळेवर घेतो नं तू?”

“हाव ताई,” मामा म्हणाला. सवयच ती.

मी सांगणार नाही असं कबूल केलं होतं. विचारणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

“आई, कोणत्या गोळ्या?”

आईचा हात पिशवीतच राहिला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि मग मामाकडे. मामाच्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं, कारण ती सावकाश खाली बसली.

“तो डबा तुमच्याकडं आला होता नं, ताई?” मामानं विचारलं.

आईनं मान हलवली. “गोळ्या कशाच्या ते यांनी मोबाईलवर पाहून सांगितलं. पहिले वाटलं, तुह्या राहून गेल्या चुकून. मी तं घाबरली, याच्या गोळ्या बुडतीन म्हणून. लगेच पाठवणार होती, पण टेम्पो पंधरा दिवस आला नाही. चिठ्ठी ठेवून घेतली.” ती उठली, कपाट उघडलं, तिच्या पाककृतींच्या वहीतून एक चौकोनी घडी काढली. घड्यांवर कागद विरत आला होता. मी वाचला. भाऊ, गोळी एक दिवसही चुकवू नको. एका ताटात जेवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं काही होत नाही. घरच्यांना घाबरू नको. मी आहे ना. के.

“मले काय माहीत होतं या बिमारीचं?” आई म्हणाली. “हे लिहिलं होतं तेवढंच. किती डाव वाचलं. म्हणून मुद्दाम तुह्या ताटात जेवत आली, तुले वाटू नये की ताई दूर सरकली. तू सांगशील, तू सांगशील, म्हणून वाट पाहून राहिली. आणि तो… के. तो तुह्यासोबतच राहायले लागला. मले वाटलं, यानंच तुले देल्लं. म्हणून त्याले घरात नाही घेतलं.”

“ताई,” मामा म्हणाला, आणि पाठ केलेलं एकही वाक्य त्यानं वापरलं नाही, “मले ती बिमारी नाही. दर सहा महिन्यांनी तपासतो. ह्या गोळ्या दुसऱ्याच्या होत्या, डबा चुकला होता. चिठ्ठीही त्याच्यासाठी होती.”

“नाही?” आई म्हणाली. “नाही म्हणजे… खरंच नाही?”

“खरंच नाही.”

आईनं त्याच्या पाठीत असा धपका घातला की चिवडा उडाला. “बह्याड कुठला! पाच वर्षं! पाच वर्षं मी शेगावच्या महाराजांचे उपास पकडून राहिली, आणि तुले नाहीच?” आणि मग तिनं त्याला मिठीच मारली, आणि बाबा चष्मा पुसायला लागले.

मी मध्येच म्हटलं, “आणि डब्यातले निरोध परत का नाही पाठवले?”

बाबांना मोठा ठसका लागला. मी तो विषय तिथेच सोडला.

“अजून एक आहे, ताई,” मामा म्हणाला. आईच्या मिठीतून तो सुटला नाही, तिच्या खांद्यावरूनच बोलला. “केदार माझा आहे. रूममेट नाही. जसे भाऊजी तुहे, तसा तो माहा. आणि ती काही बिमारी नाही. त्याच्यासाठी कोणती गोळीही नाही.”

आईचे हात सैल झाले. ती मागं सरकली. खूप नाही, एक वीत. मामाचा चेहरा मी बघू शकले नाही, मी आईचाच बघत होते. ती रागावली नव्हती. तिला कोणीतरी अवघड गणित घातलं होतं आणि ती पहिली पायरी शोधत होती.

“मले वेळ लागन, गजू,” ती शेवटी म्हणाली.

“हाव,” मामा म्हणाला. “घे.”

“पण…” तिनं चिठ्ठीकडे बघितलं. “हे त्यानं लिहिलं?”

“हाव.”

“अक्षर चांगलं आहे.” थोडं थांबून, “आता कुठं आहे तो?”

“कोपऱ्यावर. टेम्पोत.”

“उन्हात?” आई म्हणाली. मग तिनं एक कप भरला, वर बशी झाकली आणि माझ्यापुढे धरला. “जा, त्याले नेऊन दे. गरम आहे म्हण.”

मी कप घेतला. बाबांकडे बघितलं. बाबा हळूच म्हणाले, “समोरच्या पक्षाला चहा पोचला, ही सुरुवात समजावी.” मामानं कपाकडे बघितलं आणि मान खाली घातली. जे मिळालं ते पुष्कळ, असं स्वतःला समजावताना घालतात तशी. तेवढं राहू दे माह्याजवळ, म्हणाला होता ना काल. तशीच.

मी कप टेबलावर परत ठेवला.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय,” मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की शेजारचे काकू-काकासुद्धा ऐकत असतील, ऐकू देत. “येत्या शनिवारी समारोपाला मी बोलणार आहे. लॉकडाऊनमध्ये ह्या लोकांनी काय सोसलं आणि एकमेकांना कसं वाचवलं, ते सगळं, नाव एकाचंही न घेता. मनोज सर घड्याळाकडे बघोत नाहीतर कॅलेंडरकडे. पुढच्या रांगेत पालकांच्या चार खुर्च्या मी सांगून ठेवणार आहे, चार. आई, तुला वेळ लागू दे, हवा तेवढा लागू दे, पण हा चहा मी कोपऱ्यावर नेणार नाही. मी केदारमामाला घरात घेऊन येते. तुम्ही कप मांडा.”